सहाशे बारा आणि एक

एप्रिल महिना होता. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. मी रोजचा पोळ्यांचा डबा घेऊन आमच्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली. साटम काकांनी दार उघडलं. अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला कानटोपी.

"लवकर आत ये, दार लाव," ते म्हणाले. "आमच्याकडे कालपासून बर्फ पडतोय."

आमच्याकडे म्हणजे आम्ही राहतो त्या आखातातल्या अल हैलला नव्हे. अमेरिकेत. तिथल्या एका एवढ्याशा गावात काकांची मुलगी वृंदा गुरांची डॉक्टर आहे. काकांनी ते गाव डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण तिथे बर्फ पडला की इथे काकांचा एसी सोळावर जातो.

आमचे हे एसी दुरुस्तीचंच काम करतात. ते म्हणतात, "तुझे काका राहतात अमेरिकेत, फक्त जेवायला अल हैलला येतात."

काका इथल्याच अल खुवैरच्या एका ऑफिसात नकाशे काढतात. साठी उलटली तरी कंपनी सोडत नाही. जेवणाच्या टेबलासमोर त्यांनी त्या गावाचा नकाशा लावलाय, भिंतभर. डबा रिकामा करून मिळेपर्यंत मी तो बघत उभी राहायची. त्यामुळे माझ्या माहेरच्या वाडीपेक्षा मला ते गाव जास्त पाठ झालं. रस्ता एकच, सरळ. उत्तरेला नदी, तिच्यावर लाकडी पूल. धान्याच्या दोन उंच कोठ्या. पेट्रोल पंप, त्याच्याच पोटात किराणा. देवळं म्हणजे चर्च दोन. शाळा बंद, कारण मुलं पुरेनात. बाकी सगळा मका आणि गाई.

"गाई किती, काका?" मी एकदा विचारलं. मी सहसा कोणाला काही विचारत नाही.

"गाई मोजल्या नाहीत अजून," काका जरा शरमले. "माणसं सहाशे तेरा."

खरी भानगड इथेच होती. गावाच्या वेशीवर हिरवी पाटी आहे आणि तिच्यावर लोकसंख्या लिहिली आहे, सहाशे बारा. काकांनी ती फोनवर मोठी करून मला दाखवली. पाटी जुन्या शिरगणतीची. वृंदा तिथे गेली ती नंतर.

"म्हणजे माझी पोरगी धरलीच नाही! नोंद हवी, सुनंदा, नोंद!"

नोंद हा काकांचा जीव. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान लिफ्टमध्येच होतं. काकांनी नाव नाही, गाव नाही, एकदम विचारलं, "माणसं किती?" मी घाबरून दोन बोटं वर केली. "छान. बिल्डिंग एकोणतीस होती, एकतीस झाली," म्हणाले आणि निघून गेले. या देशात माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मला मात्र दिवसभर बरं वाटत राहिलं.

तर काकांनी अमेरिकेला पत्र लिहिलं. त्या गावच्या ऑफिसला. ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस उघडतं, आणि तिथे एकच बाई आहे. बर्फ पडला की तीच रस्ता साफ करायची गाडीही चालवते. काकांनी मला पत्र मराठीत समजावून सांगितलं. आपल्या पाटीत एका माणसाची चूक आहे, कृपया तातडीने दुरुस्त करावी. एप्रिल उजाडेपर्यंत अशी तीन पत्रं गेली होती. तिसऱ्यासोबत पाटीचं मापासकट चित्र.

"एका आकड्याने काय होतं, काका?"

काका डबा पुसू लागले. मग म्हणाले, "इथे आलो त्या पहिल्या वर्षी मी खाबुऱ्याला होतो, रस्त्याच्या कामावर. चौथ्या दिवशी तापाने पडलो. हजेरीच्या वहीत नाव चढलं नव्हतं. सकाळी मुकादम नावं वाचायचा, सगळे 'हजर' म्हणायचे, आणि गाडी निघून जायची. तीन दिवस कोणाला कळलं नाही की एक माणूस कमी आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "वृंदा एकटी राहते तिथे."

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा वृंदाचा फोन चालू होता. ती चिडली होती. "बाबा, प्लीज. गावात सगळे ओळखतात एकमेकांना. ती पत्रं सगळ्यांनी वाचली. मला दुकानात जायची लाज वाटते. बास आता."

"बरं," काका म्हणाले. "खलास."

त्यानंतर दोन रविवार फोन आला नाही. त्या आठवड्यात तिकडे पुन्हा बर्फ पडला, हे मला काकांच्याच फोनवर दिसलं. पण काका गंजीफ्रॉकमध्ये बसले होते. एसी चोवीसवर.

"कानटोपी?" मी विचारलं.

"उकडतंय," ते म्हणाले. नकाशाकडे पाठ करून जेवायला बसले.

तिसऱ्या रविवारी मी डबा ठेवून निघतच होते, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला. वृंदा एका हिरव्या पाटीखाली उभी होती, लाल नाकाची, हसत. शेजारी टोपी घातलेली जाडजूड बाई. ती एकसारखी काहीतरी बोलत होती.

"बाबा, ही ऑफिसातली बाई. म्हणते, पाटी सरकारची, शिरगणतीशिवाय हात लावता येत नाही. पण हे बघा!"

सहाशे बाराच्या खाली साखळीने एक लाकडी फळी टांगली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'आणि एक'.

"दुकानात आता मला सगळे 'आणि एक' म्हणूनच हाक मारतात. काल सर्दी झाली म्हणून घरी राहिले, तर तीन जण सूप घेऊन आले! तिन्ही सूप वाईट. बाबा, ऐकताय ना?"

काका ऐकत होते. चष्मा काढून ऐकत होते. वृंदा त्या दिवशी तासभर बोलली. मध्येच काकांनी खुणेने मला एसीचा रिमोट मागितला. मी सोळावर करून दिला.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मला उगाच बिल्डिंग मोजावीशी वाटली. नऊ घरं, खाली वॉचमन रहीम. तीनदा मोजली. तिन्ही वेळा बत्तीस. डबा देताना मी धीर करून म्हटलं, "काका, बिल्डिंग बत्तीस आहे."

"एकतीस."

"तुम्ही स्वतःला धरलं नाही."

"माझं काय गं," काका हसले. "कंपनीच्या व्हिसावरचा माणूस. आज आहे, उद्या यल्ला, चल घरी. मला कशाला धरायचं?"

मी रिकामा डबा घेऊन निघाले. बोलता येत नाहीच मला. घरी येऊन एका पुठ्ठ्यावर मी जाड अक्षरात लिहिलं, 'आणि एक'. काका ऑफिसला गेल्यावर त्यांच्या दारावरच्या पाटीखाली तो चिकटवला.

संध्याकाळी काकांनी नेहमीसारखं दार उघडलं. डबा घेतला, रिकामा दिला. पुठ्ठा दारावर तसाच होता, फक्त कोपरे नवीन टेपने नीट बसवलेले, पट्टी लावल्यासारखे सरळ.

दोन दिवसांनी जिन्यावरून काकांचा आवाज आला. पाण्याचे कॅन उतरवणाऱ्या रहीमला ते हिंदीत झापत होते.

"इकतीस नहीं, रहीम, बत्तीस! बत्तीस! बिल्डिंग में आदमी कितना है, तेरे को मालूम होना चाहिए ना?"