हंबीररावांचा पाऊस

सोमवारी सकाळी सहा वाजता हंबीररावांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला, वाचला आणि कुरडया रद्द केल्या.

स्वयंपाकघरात बनुबाई आधणाचं पातेलं ठेवून उभ्या होत्या. गहू गुरुवारी भिजत घातलेला. तीन दिवस रोज पाणी बदललेलं, काल वाटून, गाळून चीक रात्रभर खाली बसवलेला. आता वरचं पाणी ओतायचं, चीक शिजवायचा आणि गच्चीवर कुरडया घालायच्या, एवढंच उरलं होतं. आळीतल्या चार बायका एकमेकींच्या घरी जाऊन वाळवणं करतात आणि आज बनुबाईंचा नंबर होता. शिवाय मागे घाई होती. त्यांचा मुलगा धैर्यशील कालिकतला सोनं वितळवून शुद्ध करायचं, म्हणजे गलाईचं दुकान चालवतो. दोन वर्षं झाली, त्याला जत्रेलासुद्धा गावी येणं जमलं नव्हतं. त्याच बाजारपेठेत दुकान असलेला नानासो गुरुवारी संध्याकाळी तिकडे परत निघणार होता आणि त्याच्याबरोबर कुरडया पाठवायच्या होत्या. पोरगं येत नाही तर निदान आपल्या हातचं काहीतरी त्याच्या ताटात पडावं, एवढीच त्या माउलीची इच्छा होती. त्यात चूक काय होती, तुम्हीच सांगा.

"आज पाऊस हाय," हंबीरराव दारातून म्हणाले. "ऐंशी टक्के. उद्या बी हाय. शनवारपातुर रोज हाय."

बनुबाईंनी खिडकीतून वर पाहिलं. ढगाचं नाव नव्हतं. सकाळी सहालाच लिंबावरचा कावळा चोच उघडून बसला होता.

"कुटं हाय?"

"फोनात हाय."

हंबीरराव बावीस वर्षं फौजेत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. वरून लेखी आलं की तो हुकूम, आणि हुकूम आल्यावर आभाळाकडे बघून खात्री करणं म्हणजे त्यांच्या हिशेबी बेशिस्त. फोन धैर्यशीलचा जुना. महिन्यापूर्वी त्याने तो कुणाच्या तरी हाती पाठवला होता. त्यात आठवडाभराचं हवामान मराठीतून दिसतं हे कळल्यापासून घरातल्या माणसांना सुख नव्हतं. वर बारीक अक्षरात 'कोझिकोड' असं लिहिलेलं असे. ते हवामान सांगणाऱ्या साहेबाचं आडनाव असावं, असं हंबीररावांनी ठरवून टाकलं होतं.

बनुबाई काही बोलायच्या आत त्यांनी आळीच्या ग्रुपवर मजकूर टाकलासुद्धा, की मुसळधार पाऊस असल्याने आमच्या घरचा कार्यक्रम स्थगित. बायका आल्या नाहीत. पाऊसही आला नाही. दुपारी पारा चाळिसाला टेकला तेव्हा हंबीरराव कडब्याच्या गंजीवर ताडपत्री बांधत होते, घामाने निथळत.

आता चिकाचं काय करायचं? या उकाड्यात तो संध्याकाळपर्यंत आंबला असता. बनुबाईंनी फ्रीजच्या मधल्या जाळ्या काढल्या, दूध, दही, भाजी बाहेर ठेवली आणि चिकाचं दांडगं पातेलं आत कोंबलं. दूध नासलं. संध्याकाळी हंबीररावांना कोरा चहा मिळाला, त्यावर त्यांनी नापसंती दर्शवली आणि ती दर्शवायला नको होती. बनुबाईंनी त्यांना जे सुनावलं ते दोन घरं पलीकडे दगडाबाईंना शब्दन् शब्द ऐकू गेलं.

मंगळवारी फोनात आणखी इशारा आला. वादळी वारे, समुद्र खवळलेला, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. हंबीररावांनी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

"मग जाऊ नगासा," बनुबाई म्हणाल्या.

इशारा साऱ्या राज्याला मिळून एकच असतो, त्यातलं आपल्यापुरतं घ्यायचं असतं, असं हंबीररावांनी समजावून सांगितलं आणि आपल्यापुरते वादळी वारे घेऊन ते गोठ्याच्या पत्र्यांवर दगड ठेवायला शिडीवर चढले. नंतर विट्याच्या बाजाराला छत्री घेऊन गेले. एस्टीत लोक हसले, तर मनात म्हणाले, हसा, संध्याकाळी भिजाल तेव्हा कळेल.

त्याच दिवशी दगडाबाईंचा नंबर होता. त्यांनी पावसाबिवसाची पर्वा केली नाही. बनुबाईंना आपल्या गच्चीवरून त्यांची गच्ची दिसत होती. पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी भरलेली, कडकडीत उन्हात. बनुबाई बघत राहिल्या आणि त्यांचं काळीज जळालं. पोराकडे माणूस निघालाय, घरात चीक तयार आहे, डोक्यावर ऊन आहे, आणि मधे नवरा उभा आहे.

बुधवारी सकाळी पातेल्याला आंबूस वास यायला लागला आणि त्यांनी हुकूम मोडला. हंबीरराव ऐंशी टक्के म्हणाले. बनुबाई म्हणाल्या, "उरल्याल्या ईस टक्क्यात घालते."

पण बायका आता तिसरीच्या घरी होत्या. नंबर चुकला तो चुकला. आळीत याला माफी नाही. एकट्या दगडाबाई शेजारधर्म म्हणून आल्या. चीक घोटायला दोघी, सोऱ्या दाबायला दोघी, घालायलाही त्याच दोघी. शेवटची कुरडई घालून होईपर्यंत दुपारचे दोन वाजले. चांगलं ऊन वाया गेलं होतं. हंबीरराव जिन्यात ताडपत्री घेऊन बसून होते, थेंब पडला की झाकायला. त्यांना कुणी चहा विचारला नाही.

गुरुवारी चार वाजता नानासो डबा न्यायला आला. बनुबाईंनी कुरडई मोडून पाहिली. बाहेरून खडखडीत, पण मधल्या वेढ्यात ओल होती. कुरडईला दोन कडक उन्हं लागतात आणि हिला जेमतेम दीड मिळालं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नानासोला त्यांनी तीनतीनदा बजावलं, की धैर्यशीलला सांग, गेल्या गेल्या अजून एक ऊन दाखव म्हणावं, मग डब्यात भर.

"ऊन?" हंबीरराव म्हणाले. "शनवारपातुर पाऊस हाय." आणि त्यांनी पुरावा म्हणून फोन नानासोच्या हातात दिला.

नानासोने पाहिलं. मग हंबीररावांकडे पाहिलं. हसावं की नाही हे त्याला ठरवता येईना.

"आवं हवालदार, हे कोझिकोड म्हंजी आमचं कालिकतच की. गावाची दोन नावं हायती. फोन तिकडचा हाय, लोकेशन बंद हाय. महिनाभर तुमी धैर्यशीलच्या गावचा पाऊस वाचताय."

बनुबाईंनी पदराने कपाळ पुसलं. नानासोने फोनात खटपट करून विटा लावून दिलं. छत्तीस, अडोतीस, चाळीस, निरभ्र, निरभ्र, निरभ्र. मग तो डबा घेऊन गेला. हंबीरराव मुकाट्याने उठले, पत्र्यावरचे दगड उतरवले, गंजीची ताडपत्री सोडली. दोन दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही.

शनिवारी संध्याकाळी धैर्यशीलचा फोन आला. आवाज पडलेला होता. आईने बजावलं होतं म्हणून त्याच्या बायकोने, संयोगिताने सकाळीच सगळ्या कुरडया गच्चीवर पसरल्या होत्या. ऊन छान होतं. दोघं दुकानात गेले. साडेतीनला असा पाऊस कोसळला की धावत घरी जाईपर्यंत गच्चीवर नुसती खळ उरली होती. एकसुद्धा वाचली नाही.

बनुबाईंनी फोन हळूच खाली ठेवला. हंबीरराव ऐकत होते. त्यांनी खूप धीर धरला, पण माणूसच तो.

"शनवारचा पाऊस म्या सोमवारीच सांगितला हुता," ते म्हणाले.

आता काय काय होणार याची कल्पना असल्याने ते लगेच दोन पावलं मागे सरले. पण म्हाताऱ्याने सांगितलेलं टक्का न् टक्का खरं झालं होतं आणि ते बनुबाईंना कबूल करवत नव्हतं. त्या आत गेल्या. पिंपातून चार शेर गहू काढले, निवडले, धुतले आणि भिजत घातले. हात पुसत बाहेर आल्या आणि हंबीररावांसमोर फोन ठेवला.

"पुढल्या आयतवारी आळीतलं दुसरं कोण तरी तिकडं जाणार हाय. नानासोनं काय फिरवलं आसंल ते परत फिरवा. तिकडचं लावा."

हंबीररावांची छाती एकदम फुगली. "आन हितलं?"

"हितलं बघायला मला डोळं हायती."