तीनदा सांगणारे रज्जाकभाई

आमचे शेजारी रज्जाकभाई कुठलीही गोष्ट तीनदा सांगतात. चहासुद्धा तीनदा मागतात. तिसऱ्यांदा मागेपर्यंत भाभींनी दोन कप पुढे ठेवलेले असतात.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. गेली तीस वर्षं ते नंदुरबारच्या गल्ल्यांतून भोंगा लावलेली रिक्षा फिरवत जाहिराती करतात. रिक्षा सरकत असते. एका ओट्यावर दुकानाचं नाव ऐकू येतं, पत्ता पुढच्या ओट्यावर जातो. म्हणून सगळं तीनदा.

मग मोबाइल आले, दुकानदार व्हिडिओ करू लागले आणि भोंग्याला कुणी विचारेना. एका भांडीवाल्याला दया आली. त्याने रज्जाकभाईंनाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं.

"बस स्टँडमांगे भांडासनं नवं दुकान उघडनं शे!" रज्जाकभाई गरजले. मग सवयीने चार पावलं पुढे जाऊन तेच गरजले. पुन्हा चार पावलं. तिसऱ्या वेळेस दुकान केव्हाच मागे पडलं होतं आणि त्यांच्या पाठीशी सार्वजनिक मुतारी दिसत होती.

व्हिडिओ पार सुरतेपर्यंत पोचला. कुणी तो आवाज वरातीतल्या नवरदेवाला जोडला, कुणी डबक्यातल्या म्हशीला. भांडी किती खपली कोण जाणे, रज्जाकभाई मात्र खूश. "मास्तर, म्हैसलेबी मन्हा आवाज शोभस!" हेही तीनदा.

एक काम ते फुकट करत. हिंदू असो, मुसलमान असो, कुणाकडे मयत झाली की अंत्ययात्रेची वेळ गल्लोगल्ली सांगत. पावसाळ्यात समोरचे आजोबा गेले. रज्जाकभाईंचं पहिलं वाक्य झालं आणि ओट्यावरची माणसं फिस्कन हसली. दुसऱ्यांदा तर आजोबांचा जावईच तोंडाला रुमाल लावून हसत होता. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलंच नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते माझ्या दारात उभे. "मन्ही माय गई, मास्तर." माईक माझ्या हातात दिला. "तुम्ही बोला. मन्हा आवाज ऐकीसन लोके हासतीन."

ते रिक्षा चालवत होते, मी मागे बसून जनाज्याची वेळ सांगत होतो. कुणी हसलं नाही, माणसं उठून उभी राहत होती. मला मात्र मान वर करवेना. ती म्हैस मीही चार जणांना पाठवली होती.

भाजीबाजाराजवळ माझा घसा बसला. रज्जाकभाईंनी रिक्षा थांबवली. मागे वळून माईकसाठी हात पुढे केला, क्षणभर तसाच ठेवला. मग तो मागे घेतला आणि पाण्याची बाटली मला दिली.