हरेश्वरांचा लकी ड्रॉ

"सत्कार कसला करताय? माझे शोधनिबंध जगात जेमतेम पाच जण वाचतात. त्यातले दोघे चुका काढायला!" हरेश्वरांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला, भूपेशला, हात जोडले.

हरेश्वर क्वांटम प्रोबॅबिलिटीवर काम करत. अणूंच्या दुनियेत शक्यतेचे नेहमीचे नियम पुरत नाहीत. मग तिथे कोणते चालतात, त्याचं गणित. एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या इमारतीत मात्र ते 'लॉटरीवाले सर' होते.

"बरं, शाल राहू दे. वार्षिक समारंभात लकी ड्रॉची चिठ्ठी तरी काढा. तुमचाच विषय आहे!" भूपेश म्हणाला. यावर हरेश्वरांना नाही म्हणता येईना.

समारंभाला वटार गावाहून त्यांची आई सत्यवती आली. ती पहिल्या रांगेत बसली, शेजारी हरेश्वरांची बायको मीरा. बक्षीस होतं मिक्सर. हरेश्वरांनी डब्यात हात घालून चिठ्ठी काढली आणि उघडली. नाव त्यांचंच!

"हे बरं दिसत नाही. पुन्हा काढतो," म्हणत त्यांनी चिठ्ठी परत टाकली, डबा चांगला हलवला आणि दुसरी काढली. पुन्हा तेच नाव.

"सर, घरचा मिक्सर बिघडलाय का?" शेजारच्या रीमाने खालून विचारलं. हॉल हसला.

हरेश्वरांनी माईक ओढला. "मंडळी, घटना दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही!" जन्मभर कागदावर पाहिलेलं आज हातात आलं होतं. आनंदाने त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी तिसरी काढली. तीही त्यांचीच.

भूपेश धावत येऊन कानाशी लागला. "सर, बास करा! मी डबाच बदललाय. सगळीकडे तुमचंच नाव आहे. शाल नको म्हणालात ना, म्हणून मिक्सर!"

हरेश्वरांचा चेहरा पडला. डब्यात एकदा डोकावून बघावं, एवढंही या तज्ज्ञाला सुचलं नव्हतं. त्यांनी डबा टेबलावर पालथा केला. "माफ करा. सगळ्या चिठ्ठ्यांवर माझंच नाव आहे. बघा!"

रीमाने एक उघडली, दुसरी उघडली, आणि तिचे डोळे विस्फारले. "अरे, पण माझी चिठ्ठी मी स्वतः लिहून टाकलेली! तिच्यावर सरांचं नाव कसं आलं?"

"हेच ते क्वांटम!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अहो, तसं नाही! डबा..." हरेश्वरांचं पुढचं टाळ्यांत बुडालं. सगळ्यांत जोरात भूपेश वाजवत होता. मीराने पुढे होऊन मिक्सर उचलला.

सत्यवतीने डोळ्यांना पदर लावला. "लहानपनी रोज शाळेत पेन्सिल हरवून यायचा गं. ते पन हेच क्वांटम असनार. आनि मी उगाच मारायची त्याला!"