शब्द आढळल्यास कळवावे, नसल्यास निरंक

ग्रुपवर एक मेसेज टाकायचा, बस. यापेक्षा जास्त मी काही ठरवलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर बोलाल.

झालं असं, की आमची सरिता मोबाइलवर रोज एक इंग्रजी शब्द शोधते. पाच अक्षरी. आपण अंदाजानं शब्द टाकायचा, कोणतं अक्षर बरोबर ते मोबाइल सांगतो, आणि सहा चान्समध्ये शब्द ओळखायचा. एक दिवस जरी हुकला की साखळी तुटली, पुन्हा शून्यापासून सुरुवात. सरिताची साखळी सव्वा वर्षात तुटली नव्हती. तिची धाकटी बहीण पौर्णिमा पुण्याला असते, भाजीवाल्याशीसुद्धा इंग्रजीत भाव करते. तिची मात्र दोनदा तुटली. शब्द सापडला की सरिता माहेरच्या ग्रुपवर टाकायची आणि दिवसभर घरात गुणगुणत फिरायची. त्या दिवशी भाजीत मीठही बरोबर पडायचं. (म्हणजे या साखळीत माझाही स्वार्थ होता.)

गुरुवारी सकाळी जऊळक्याहून निरोप आला की सासूबाई, दुर्गाबाई, न्हाणीत घसरल्या. सरिता मिळाली ती जीप पकडून गेली. फोन चार्जिंगलाच राहिला. ऑफिसला निघताना तो मला दिसला, मी खिशात टाकला. बाराच्या सुमारास तिनं सासूबाईंच्या बटनवाल्या फोनवरून मला फोन केला.

"मायचा एक्सरे काढून राह्यले. तुमी एक काम करजा. आजचा शब्द अर्धा राह्यला माहा. पाच चान्स गेले, एकच उरला हाय."

"अवं, पण मले इंग्रजी..."

"शेवटचे तीन अक्षरं सापडले हायेत, एम, ओ, एन. पहिले दोन शोधा. रात्री बाराच्या आत टाका. चुकला तं पौर्णिमा मले जगू देनार नाई."

फोन कट. मी डोकं चालवलं. सुचला एकच शब्द, सायमन. तो शाळेच्या इतिहासात भेटला होता आणि त्याला लोकांनी परत पाठवलं होतं, म्हणून मीही ठेवून दिला.

आता मी पडलो क्लार्क. आम्हाला एखादी गोष्ट माहीत नसली, तर आम्ही ती शोधत नाही, खालून मागवतो. तालुक्यातल्या सगळ्या ग्रामसेवकांचा ग्रुप माझ्याकडेच आहे. बोटं आपोआप चालली: "पाच अक्षरी इंग्रजी शब्द, ज्याच्या शेवटी एम, ओ, एन आहेत, याबाबतची माहिती आजच सादर करावी. माहिती नसल्यास 'निरंक' असे कळवावे."

दोन मिनिटांत साहेबांनी खाली लिहिलं, "अत्यंत तातडीचे. हयगय खपवून घेतली जाणार नाही." (साहेबांनी वाचलं नव्हतं. साहेब वाचत नसतात.)

मग काय बाप्पा! निरंक, निरंक, निरंक. फोन नुसता थरथरत होता. एका गावानं कळवलं, "आमच्या हद्दीत असा शब्द आढळून आला नाही." दुसऱ्यानं ग्रामपंचायतीच्या फलकासमोर सहा माणसं उभी करून फोटो पाठवला. मदनसिंग ग्रामसेवकाचा तर फोनच आला.

"भाऊ, हा शब्द कोन्या योजनेतला हाय?"

"योजना नाई गा, नुसता शब्द पायजे."

"मंग मागच्या साली देल्ला थोच देऊ काय?"

"मागच्या साली काय देल्ला होता?"

"निरंक."

या गर्दीत हेमला मॅडमचा मेसेज आला. नवीन ग्रामसेविका, पोरगी उत्साही आहे. माझी बावीस वर्षं नोकरी झाली, आता मजकूर डोळ्यांत शिरतच नाही, नजर थेट खाली सही-शिक्क्यावर जाते. सही नव्हती. मी सवयीनं उत्तर दिलं, "विहित नमुन्यात, सही-शिक्क्यासह सादर करावे." आणि पुढच्या निरंकाकडे वळलो.

संध्याकाळी घरी बसून तक्ता केला. सगळ्या गावांची माहिती आल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा? एकच गाव बाकी होतं, हेमला मॅडमचं. त्याच्यापुढे मी 'अप्राप्त' लिहिलं आणि वाट पाहत खुर्चीतच पेंगलो. डोळे उघडले तेव्हा सरिताचा मोबाइल नवीन दिवसाचा नवीन शब्द मागत होता. साखळी: शून्य.

शुक्रवारी सकाळी हेमला मॅडम स्वतः ऑफिसात आल्या. सरपंच लग्नाला गेले होते, त्यांना मांडवात गाठून सही आणली होती. पोरगी दमून गेली होती. मी कागद उघडला. लिहिलं होतं, 'लेमन'.

"काल दुपारीच तं टाकला होता सर मी," ती म्हणाली.

तेवढ्यात खिशात सरिताचा फोन वाजला. माहेरच्या ग्रुपवर पौर्णिमा: "ताई, काल लेमन नाही सुचलं? सो ईझी!" पुढे हसणारे पाच चेहरे.

संध्याकाळी सरिता आली. सासूबाईंचं हाड शाबूत होतं, एवढीच चांगली बातमी. मी पुरावा म्हणून हेमला मॅडमचा कागद पुढे केला, की बघ, शब्द मिळवला होता मी.

तिनं तो वाचला. "हा दुपारीच आल्ता?"

"आल्ता. पण सही नवती."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. खाटेवर टेकली आणि म्हणाली, "पौर्णिमाच्या पुढं मले येवढी एकच गोष्ट येत होती हो." मला खरंच फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की चहा लागतो.

"जरासा चहा मांडतं काय?"

"लेखी द्या."

मी दिलं. (सवय.) अर्ज लिहिला, विनंती केली, खाली झोकदार सही ठोकली. तिनं शांतपणे खालपासून पाहिला आणि परत दिला.

"शिक्का नाई."

शिक्का ऑफिसात असतो. ऑफिस आता सोमवारी उघडेल.