अंतिम उपयोगकर्ता

वेणीमाधव गुरुजींचा फोन दिवसातून एखाद्या वेळी वाजायचा, आणि तोही गॅस एजन्सीचा किंवा 'कर्ज हवंय का' विचारणाऱ्या मुलीचा. त्या मुलीशीही गुरुजी जमेल तितकं लांबवून बोलत. तिने फोन ठेवला की दूधविनायकाच्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्या पुन्हा गप्प होत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मालविका बंगळूरला होती. गल्लीतली मराठी घरं एकेक करून पुण्याला नाहीतर इंदूरला निघून गेली होती. काशीत माणसाला सगळं मिळतं म्हणतात. गुरुजींना मराठीत वाद घालायला कोणी मिळत नव्हतं.

खालच्या मजल्यावर यज्ञेश राहायचा. तो घरी बसून कंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचा. गुरुजींनाही त्याने एक करून दिला होता. त्यात यजमानांच्या घरच्या श्राद्धतिथी भरून ठेवल्या की तिथी जवळ आल्यावर यजमानाला आपोआप मेसेज जायचा. गुरुजींना वाटलं होतं, मेसेज वाचून यजमान फोन करतील, चार शब्द बोलतील. मेसेज वेळेवर जात होते. उत्तरात जोडलेल्या हातांचं चित्र येत होतं. त्यापलीकडे कोणी काही बोलत नव्हतं.

आता यज्ञेशने काही सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहिला नव्हता. मेसेज पाठवणारा भाग त्याने एका परदेशी कंपनीकडून तयार घेतला होता. अशा कंपन्यांच्या अटी पानंच्या पानं चालतात आणि शेवटी 'मला मान्य आहे' असं एक बटण असतं. यज्ञेशने सगळ्या डेव्हलपरांप्रमाणे वाचायला थेट बटणापासून सुरुवात केली होती. त्यामुळे 'तुमचा प्रोग्रॅम कोण वापरतं ते दर तिमाहीला कळवा, नाहीतर परवाना रद्द' हे कलम त्याला कळलं ते कंपनीची शेवटची ताकीद आल्यावर. तेव्हा तो लखनौला मावसबहिणीच्या लग्नात पंगतीला बसला होता.

"काका, एक फॉर्म पाठवलाय, हिंदीतच आहे," त्याने फोन करून सांगितलं. "नावं तुमच्याकडे आहेतच. बस, भरून पाठवून द्या. पाच मिनिट का काम."

"आणि नाही भरला तर?"

"तर परवाना गेला. मेसेज सगळे बंद."

जोडलेले हात तरी येत होते, तेही बंद होणार म्हटल्यावर गुरुजी चष्मा पुसून बसले. फॉर्मवर पहिलाच रकाना होता, 'अंतिम उपयोगकर्ता का नाम'. कंपनीला म्हणायचं होतं, जो प्रोग्रॅम प्रत्यक्ष वापरतो तो. पण ज्याचा जन्म मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाशेजारी गेला, त्याला 'अंतिम' या शब्दाचा दुसरा अर्थ कुठून सुचणार? तरीही गुरुजींनी घाई केली नाही, शास्त्र लावून पाहिलं. श्राद्धाचा उपयोग कोणाला? यजमान तर नुसता मधला माणूस. उपयोग पितरांना. म्हणजे अंतिम उपयोगकर्ते पितरच झाले. परदेशातल्या कंपनीला इतकं बारीक कळतं, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

त्यांनी एकूणएक दिवंगतांची नावं भरली. पितरांकडे मोबाइल नसल्यामुळे नंबर मुला-नातवांचे दिले. 'कब से उपयोग कर रहे हैं' इथे मृत्यूचं वर्ष घातलं. 'सक्रिय या निष्क्रिय' इथे ते जरा अडले. पण पितृपक्षात सगळे येतातच, तेव्हा सक्रिय.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दाढी करत असताना फोन वाजला.

"गुरुजी, इंदूरहून कुणाल बोलतोय. आमच्या आजीला मेसेज आलाय!"

"कालिंदीबाईंना? कोणाचा?"

"कुठल्यातरी कंपनीचा. 'प्रिय कालिंदीजी, हमारे परिवार में आपका स्वागत है. आपका अनुभव कैसा रहा? एक से पाँच तारे दीजिए.' काय प्रकार आहे हा? आजी जाऊन किती वर्षं झाली!"

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "मग किती दिलेत?"

"काय?"

"तारे."

कुणाल एकदम हसायला लागला. "आजीने चारच दिले असते, गुरुजी. पाचवा चहा गार होता म्हणून कापला असता."

"अगदी! बालाजी घाटावर नावाड्याशी अशा भांडल्या होत्या, की तो उलटा त्यांच्याच पाया पडला," गुरुजी म्हणाले. मग गप्पांत कालिंदीबाई निघाल्या, त्यांची काठी निघाली, त्यांची आंबट कढी निघाली. गुरुजींच्या गालावरचा साबण वाळून गेला.

त्यानंतर फोन थांबेचना. बडोद्याच्या एक बाई "ही काय थट्टा लावलीय?" म्हणून कडाडल्या, आणि फोन ठेवेपर्यंत वडिलांच्या आठवणीने मनसोक्त रडून मोकळ्या झाल्या. नागपूरच्या दोन सख्ख्या भावांचा बोलण्याचा संबंध नव्हता, त्यांनी वेगवेगळे फोन केले. धाकटा म्हणाला, "कंपनी बाबांना सक्रिय म्हणतेय, मग दादा घराची वाटणी कशी मागतो, विचारा त्याला!" गुरुजींनी विचारलं. दादाने उलटा निरोप दिला. गुरुजी दुपारभर दोन्हीकडचे निरोप पोचवत होते आणि जेवायचं विसरले होते. कित्येक वर्षांत ते इतके खूश नव्हते.

मग सांगलीच्या एका नातवाने गंमत म्हणून आजोबांच्या वतीने एकच तारा दिला. कंपनीचं लगेच उत्तर आलं, 'आप असंतुष्ट हैं, इसका हमें खेद है. हमारा प्रतिनिधि शीघ्र ही आपसे मिलेगा.' ते नातवाच्या वडिलांनी वाचलं.

"गुरुजी, नाना असंतुष्ट आहेत!" त्यांनी लगेच फोन लावला होता. "लेखी आलंय! आणि त्यांना भेटायला कोणी निघालंय म्हणे! कुठला विधी राहिला हो आमच्याकडून?"

यज्ञेश लखनौहून परतला तोवर कंपनीलाही शंका आली होती. इतके सक्रिय उपयोगकर्ते, आणि एकानेही अजून खातं उघडलेलं नाही! पुण्याच्या ऑफिसातून चौकशीला सुनीती नावाच्या बाईंचा फोन आला. परवाना आता नक्की जाणार म्हणून यज्ञेश पांढरा पडला होता. गुरुजींनी फोन स्पीकरवर ठेवला.

"या यादीतले किती जण प्रोग्रॅम वापरतात, गुरुजी?"

"वापरत कोणी नाही. उपयोग सगळ्यांना होतो."

"म्हणजे सध्या ते आहेत कुठे?"

"आता ते प्रत्येकाच्या कर्मावर आहे, बाई."

यज्ञेशने पुढे होऊन घाईघाईने सगळं सांगून टाकलं. सुनीतीबाईंना हसू आवरेना. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "काळजी करू नका. दिवंगत व्यक्ती आम्ही धरत नाही. म्हणजे हा प्रोग्रॅम वापरणारे तुम्ही एकटेच. दहाच्या आत उपयोगकर्ते असले की परवाना चालू राहतो आणि रिपोर्ट भरावाच लागत नाही. तुमच्या तिथीचे मेसेज जात राहतील. आमच्याकडून मात्र यापुढे कोणालाही काही येणार नाही. त्रास संपला तुमचा!"

यज्ञेशने सुटकेचा श्वास सोडला. गुरुजींनी बाईंचे आभार मानले, पुण्यात थंडी कशी आहे ते विचारलं, आणखी काही विचारण्यासारखं सुचेना तेव्हा फोन ठेवला.

त्यानंतरच्या दिवसांत एक फोन आला. गॅस एजन्सीचा. जोडलेले हात तेवढे येत राहिले. गुरुजींना फार एकटं वाटत होतं, आणि आधीपेक्षा जास्त, कारण मध्ये ते आठ दिवस येऊन गेले होते. शेवटी न राहवून ते जिना उतरून यज्ञेशकडे आले.

"काय रे, दहाच्या वर उपयोगकर्ते झाले तर पुन्हा रिपोर्ट भरावा लागतो ना?"

"हो काका. पण कशाला नसती झंझट?"

"आणि मग कंपनी सगळ्यांना विचारते, अनुभव कैसा रहा?"

"विचारते. पण यजमान नाही चालत, स्वतः प्रोग्रॅम वापरणारी हयात माणसं लागतात."

"हयात," गुरुजी म्हणाले, आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवर आपली माणसं मोजायला लागले. थोडंसंच मोजून अंगठा थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तो पुन्हा तिथेच थांबला.

यज्ञेशला ते बघवेना. "माझं नाव घाला की, काका."

"तुला धरूनच तीन होतायत," गुरुजी म्हणाले.