नकाशाची सेवाज्येष्ठता

माणसानं विश्वास संस्थेवर ठेवावा, कागदावर नव्हे. कागद काय, वाऱ्यानंही उडतो. (विमानही उडतं, पण मंजुरीनं.)

या तत्त्वावर चाललेल्या एका विमान कंपनीत एक कॅप्टन होते. फार प्रश्न विचारायचे म्हणून सगळे त्यांना शंकासुर म्हणत. आता, धुक्यात बाहेरचं काही दिसेनासं झालं की वैमानिक उपकरणं आणि नकाशा बघून उतरतो. कुठं वळायचं, कुठवर खाली यायचं, वाटेत काय आडवं येतं, सगळं त्यात असतं. जमिनीवर बांधकामं होतच राहतात, म्हणून दर चार आठवड्यांनी नवे नकाशे निघतात. कंपनी ते न चुकता मागवायची आणि साहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवायची. कारण नवा नकाशा म्हणजे नवा नोकर. आल्या आल्या त्याला विमानात कसा पाठवायचा? वर्षभर त्यानं कपाटात उमेदवारी करायची, वर्तणूक बरी दिसली की मग नेमणूक. (आजवर एकाही नकाशाची वर्तणूक वाईट आढळलेली नाही. एक पिवळा पडला, तर त्याला ज्येष्ठ म्हणून लांबचा मार्ग मिळाला.)

शंकासुरांना हे काही पटेना. त्यांनी पदरमोड करून ताजा नकाशा घेतला आणि बॅगेत बाळगू लागले.

बायको म्हणाली, "एवढं कोण करतं हो? बाकीचे येतातच ना घरी?"

"आजवर आलेत. मला उद्याही यायचंय."

भिंतीला कान असतात, कंपनीच्या भिंतींना जरा जास्तच. साहेबांचं बोलावणं आलं.

"हे काय ऐकतोय मी? कंपनीचा नकाशा असताना घरचा आणता?"

"साहेब, धावपट्टीच्या अलीकडे नवा टॉवर झालाय. कंपनीच्या नकाशात तो नाही."

"नाही ना? मग आपल्या विमानाच्या वाटेत तो येईलच कसा?"

"पण तो तुमच्या खिडकीतून दिसतोय, साहेब."

साहेबांनी उठून पडदा ओढला. शंकासुरांचा नकाशा जप्त झाला. वर 'संस्थेविषयी अनावश्यक माहिती बाळगणे' या कलमाखाली समजपत्रही मिळालं.

पुढच्याच आठवड्यात शंकासुरांच्या सकाळच्या विमानात खुद्द साहेब सहकुटुंब बसले. उतरायची वेळ झाली आणि खाली दाट धुकं, आसपासच्या विमानतळांवरही तेच. हातात कंपनीचा अनुभवी नकाशा. शंकासुरांनी विमान पुन्हा वर घेतलं, घिरट्या सुरू केल्या, आणि इंधन किती वेळ पुरेल याचा हिशोब मांडू लागले.

साहेब घामाघूम होऊन आत आले.

"अहो, उतरवत का नाही?"

"टॉवर कुठे आहे ते या नकाशात नाही, साहेब. माझा नकाशा तुमच्याकडे जमा आहे."

साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी काढली. करकरीत, याच महिन्याची.

"हा घ्या. आणि कुणाला बोलू नका."

"साहेब, हा तुमच्या खिशात कसा?"

"अहो, मी बायकापोरांना घेऊन बसतो! त्याशिवाय बसेन का?"

विमान सुखरूप उतरलं. पुढे चौकशी झाली. कंपनीच्या ज्येष्ठ नकाशानं कठीण प्रसंगी उत्तम कामगिरी केल्याचा निष्कर्ष निघाला, आणि घिरट्यांत इंधन उधळल्याबद्दल शंकासुरांना दुसरं समजपत्र मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, काय ही कंपनी! पण तिनं प्रवाशांची रीतसर पाहणी केलेली आहे. तक्रारी आल्या त्या अशा: उशीर झाला, सँडविच गार होतं, बॅग उशिरा मिळाली. वैमानिकाकडचा नकाशा कधीचा आहे, हे विचारणारे प्रवासी: शून्य. गिऱ्हाईक मागत नाही ती वस्तू कुठला दुकानदार ठेवतो?

तेव्हा बसा निवांत. तुम्हाला खिडकीची जागा मिळाली ना?