जावईबापूंची चौकशी

बुधवारी सकाळी टाकीत तिसरी गोगलगाय उताणी पडलेली सापडली, तेव्हा तपासनीसांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "हा घातपात आहे."

"गोगलगायीचा?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"हसू नकोस. एक मेली तर योगायोग. तीन मेल्या म्हणजे कुणाचा तरी हात आहे."

तपासनीस विमा कंपनीत दावे तपासायचे. जळालेलं दुकान, बुडालेली गाडी, मोडलेला पाय, कशावरही विश्वास ठेवायचा नाही याचा त्यांना पगार मिळायचा. बावीस वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरली होती, की घरी घासात खडा लागला तरी तो कुठून आला आणि त्यात कुणाचा काय फायदा, हे कळल्याशिवाय पुढचा घास घेत नसत. बिचारी बायको खडे वेचून वेचून चष्मा लावायला लागली होती.

टाकी मात्र त्यांच्या जिवाभावाची. दिवाणखान्यात सात वर्षं खाऱ्या पाण्याची चांगली चार फुटी टाकी होती आणि तिच्यात चार किरकोळ मासे आणि एक मोठा होता. मोठा म्हणजे पिवळाधमक, डोळ्यावर काळा पट्टा आणि चेहऱ्यावर कायमची नाराजी. खाणं टाकलं की हा आधी तोंड फिरवायचा, दोनदा विनवणी केली की उपकार केल्यासारखा खायचा. तपासनीसांच्या आईला मुलगी नव्हती. तिने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं आणि रोज दुपारी टाकीपुढे खुर्ची टाकून ती त्याच्याशी तासभर बोलायची. घरात तिचं बोलणं मधे न तोडता ऐकणारा तेवढा एकच होता.

सगळं बरं चाललं होतं. पण सुखाने बसतील तर ते तपासनीस कसले! दोन महिन्यांपूर्वी त्यांनी टाकीत प्रवाळाची बाग फुलवायचं मनावर घेतलं. नवे दिवे आले, नवा पंप आला, खडक आले, खडकांवर जांभळे-हिरवे प्रवाळ आले आणि शेवाळ खायला गोगलगायी आल्या. प्रवाळांचे नखरे फार. त्यांच्यासाठी शुद्ध पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन उचलून तपासनीसांचं मनगट सुजलं. ऑफिसातल्या हेडक्लार्कने त्यावर तांब्याचं कडं दिलं, तेही त्यांनी पाचदा उलटंसुलटं बघून मगच घातलं. रोज सकाळी अंघोळीआधी ते कोपरापर्यंत हात पाण्यात घालून प्रवाळ इंचभर इकडे, इंचभर तिकडे करत बसायचे.

पंधरा दिवसांतच प्रवाळ आक्रसायला लागले. मग गोगलगायी.

तपासनीसांना पहिल्या दिवशीचं एक वाक्य आठवलं. प्रवाळ देताना माशांच्या दुकानदाराने तपासनीसांच्या फोनवरच्या फोटोतल्या जावईबापूंकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "या जातीचे मासे कोरलला तोंड लावतात साहेब. सगळेच लावतात असं नाही. पण लावतात."

एवढ्या पुराव्यावर तपासनीसांनी आजवर भलेभले दावे फेटाळले होते.

तरीही काम रीतसर व्हायला हवं. त्यांनी वही उघडली आणि घरातल्यांचे जबाब घेतले.

"घटना घडली तेव्हा तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात," बायको म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली."

"आई, तू जावईबापूला प्रवाळाजवळ पाहिलंस?"

"अरे, चार फुटांच्या टाकीत तो जाईल कुठे?" आई म्हणाली. "जवळच असणार सगळ्याच्या."

"म्हणजे पाहिलंस," असं म्हणून तपासनीसांनी लिहून घेतलं.

रविवारी निकाल लागला. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती. जावईबापूंची रवानगी तिकडे झाली. बादलीत जाताना त्याने नेहमीसारखं तोंड फिरवलं. आईने मात्र पदर डोळ्याला लावला. "सात वर्षांत त्याने कुणाला उलट उत्तर दिलं नाही रे," ती म्हणाली आणि रात्री जेवलीच नाही. तपासनीसांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पुरावा तो पुरावा!

आरोपी गेला आणि प्रवाळ आणखीच आक्रसले. आता आली का पंचाईत!

"पाणी बदला," दुकानदाराने फोनवर सांगितलं. तपासनीसांनी पाणी बदललं. कॅन उचलून मनगट आणखी सुजलं आणि कडं असं रुतून बसलं की निघेना. प्रवाळांना धीर द्यायला ते आता दिवसातून तीनदा हात घालू लागले. प्रवाळ पांढरे पडले. घरात त्या दिवसांत झळाळी होती ती फक्त त्या कड्याला, पण तिकडे बघायला वेळ कुणाला होता!

मासा नाही, तर माणूस. तपासनीसांचा संशय घरभर फिरायला लागला. बायको काचा पुसायला काय फवारते? ती बाटली जप्त झाली. मग आईचं वागणं त्यांच्या डोळ्यांत भरलं. आई रोज चार वाजता तयार होऊन घराबाहेर पडत होती.

"कुठे निघालीस?"

"दाताच्या डॉक्टरकडे. दाढ दुखतेय."

तपासनीसांनी मान डोलावली. आई जिना उतरून गेल्यावर त्यांना आठवलं, की आईला सहा वर्षांपासून कवळी आहे.

ते पाठोपाठ खाली गेले. डॉक्टरांकडे चार पेशंट गाल धरून बसले होते आणि कोपऱ्यात आई टाकीला नाक लावून जावईबापूंना सांगत होती, "तू गेल्यापासून घरात काही राम नाही. तो वही घेऊन फिरतो नुसता." तपासनीस आल्या पावली परत फिरले. सूड! हेतू सापडला होता. जावयासाठी आई प्रवाळांना विष घालत होती!

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानदाराला घरी बोलावलं. त्याने काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी हलवली. पाणी निळं झालं.

"तांबं आहे पाण्यात," तो म्हणाला. "माशांना चालून जातं, पण कोरल आणि गोगलगायींना जरासुद्धा सोसत नाही. रोज थोडं थोडं कुठून तरी जातंय बघा."

तपासनीस उभे राहिले. याच क्षणासाठी ते बावीस वर्षं नोकरी करत होते.

"ऐकलंत? तांबं! रोज थोडं थोडं! या घरातलंच कुणीतरी, रोज, शांतपणे, या टाकीत तांबं घालतंय. आणि ते कोण, हे मला माहीत आहे!"

असं म्हणून त्यांनी उजवा हात उंच केला आणि आईवर बोट रोखलं.

कुणीच आईकडे बघेना. बायको बोटाकडे बघत होती, मग तिची नजर हळूहळू मनगटावर उतरली. दुकानदार पुढे वाकला.

"साहेब, कडं फार छान चमकतंय," तो म्हणाला. "मिठाच्या पाण्यात बुडतं का रोज?"

तपासनीसांनी बोट खाली घेतलं, मग हात, आणि मग तो हात पाठीमागे लपवता येतो का ते पाहिलं.

आईने उठून वही आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "लिही जबाब. घटना घडली तेव्हा तू कुठे होतास?"

"कोपरापर्यंत आत," बायको म्हणाली.

कडं साबण लावून आणि एकदा ओरडून निघालं. पाणी पुन्हा पुन्हा बदललं, तांबं शोषणारी पुडी लावली आणि महिन्याभराने नळीतलं पाणी निळं व्हायचं थांबलं. उरलेल्या प्रवाळांनी तोंडं उघडली. तपासनीस स्वतः बादली घेऊन खाली गेले. जावईबापूंपुढे हात जोडून म्हणाले, "चूक झाली. घरी चला." त्याने तोंड फिरवलं. त्यांनी पुन्हा विनवलं, तेव्हा तो बादलीत आला. त्या दिवसापासून आईची दाढ दुखायची थांबली.

पुढच्या रविवारी दुपारी आई खुर्चीवर होती आणि बायको शेजारी भाजी निवडत होती. जावईबापू सावकाश जांभळ्या प्रवाळापाशी गेले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि त्यांनी त्याचा एक मोठा लचका तोडला. मग शांतपणे चावून दुसरा तोडला.

सासूने सुनेकडे पाहिलं, सुनेने सासूकडे.

तेवढ्यात तपासनीस आतून आले. टाकीपुढे वाकून ते बराच वेळ बघत राहिले. "इथला तुकडा गेलाय," ते म्हणाले. आवाजात जुनी धार आली. "कुणी काही पाहिलंत?"

"मी भाजी निवडत होते," बायको म्हणाली.

"माझा डोळा लागला होता," आई म्हणाली. "सकाळी तुझाच हात लागला असेल."

तपासनीसांनी रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. जावईबापूंनी तोंड फिरवलं.

"हो," तपासनीस खालमानेने म्हणाले. "माझाच लागला असेल."